एकोणीस टक्के गुडघा

अमेरिकेत माजी सैनिकांचं अपंगत्व ठरवणाऱ्या कंत्राटी डॉक्टरांवरून बराच खल झाला. एका राज्याचा परवाना असलेल्या डॉक्टरनं दुसऱ्या राज्यातल्या सैनिकाचा गुडघा दाबून बघावा की नको? अखेर तिथल्या काँग्रेसनं कायदा करून ती हद्द मोकळी केली. (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद. इथल्या कुणी श्रेय घ्यायला धावू नये.)

महाडच्या एसटी स्टँडजवळ चहा पिताना ही हकिगत मी फौजी आंबवड्याच्या एका निवृत्त हवालदारतात्यांना सांगितली. पहिल्या महायुद्धापासून घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी या गावाची ख्याती. तात्यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, “बघून तपासायचं म्हंजे परवाना लागतोच. न बघता तपासायला कशाला लागतोय?”

तात्यांचं चुकलं नाही. आपल्याकडे लष्करी डॉक्टरांचं बोर्ड जवानाला उघडा करून तपासायचं, टक्के लिहायचं आणि कागद अलाहाबादच्या पेन्शन हिशेब कार्यालयात जायचा. तिथं जवानाचं तोंडही न बघता बोर्डाचं मत फिरवलं जायचं. माजी सॅपर मोहिंदर सिंग यांच्या खटल्यात 1993 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की, बाबांनो, माणूस न तपासता बोर्डाच्या निष्कर्षावर काट मारता येणार नाही. महाराष्ट्रात साध्या डॉक्टरला दर 5 वर्षांनी मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी परिषदा-व्याख्यानांना बसून क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. अलाहाबादच्या लाल शाईच्या पेनाला मात्र कुठलीच कौन्सिल नव्हती.

लष्करी डॉक्टरांच्या परवान्यात खोट काढायला जागा नाही. पदवी खणखणीत, नोंदणी पक्की. घोडं अडतं ते कारणाच्या रकान्यापाशी. भरतीच्या वेळी उमेदवाराच्या गुडघ्याला गुडघा घासतो का, तळवा सपाट आहे का, छाती किती फुगते, सगळं टेप लावून बघतात. बाजारात बैल घेताना आमचा शेतकरीही इतके दात मोजत नाही. तोच जवान परत पाठवायचा झाला की ‘लष्करी सेवेशी संबंध नाही’ एवढ्या चार शब्दांत काम भागतं. धरमवीर सिंग 1985 साली भरती झाले, तेव्हा कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नव्हती. 1994 साली फिट येतात म्हणून 20 टक्के अपंगत्व लावून त्यांना घरी धाडलं. आजार मूळ प्रकृतीचाच, असं बोर्डानं ठरवलं आणि कारण दिलंच नाही. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, धडधाकट म्हणून घेतलात ना, मग पुढचा आजार नोकरीतलाच धरा. नाही म्हणायचं तर कारण लिहा. हेच 2025 मध्ये पुन्हा सांगावं लागलं. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत कारण लिहायला शिकवण्याचा तास बहुधा ऑफ जात असावा.

उमरठच्या तानाजी मालुसऱ्यांचं नशीब थोर, त्यांच्या काळी बोर्ड नव्हतं. कोंढाण्यावरून जखमी हातानं परत आले असते, तर शेरा ठरलेला होता: ‘इसम मुलाच्या लग्नाच्या गडबडीत होता, सबब रजेवर समजावा. ढाल तुटल्यावर हाताला शेला गुंडाळून लढला, हा वैयक्तिक निष्काळजीपणा.’

रक्तदाबाचं शास्त्र तर याहून सूक्ष्म आहे. तो सीमेवर किंवा बर्फात चढला तर सेवेमुळे बळावला असं मानण्याची सोय आहे. शांततेच्या ठाण्यावर, म्हणजे पुण्या-बिण्यात चढला, तर तो तुमचा खासगी. तेव्हा जवानांनो, बदलीचा हुकूम बघूनच बीपी वाढवा.

टक्क्यांची गंमत आणखी वेगळी. अपंगत्व 20 टक्के भरलं की ते 50 धरून पैसे मिळतात, हा फायदा 2014 च्या निकालानं मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. मुदत पुरी केलेल्या माणसाचं 19 भरलं तर भोपळा. म्हणजे एका टक्क्याची किंमत 50 टक्के! असा भाव एमआयडीसीतल्या प्लॉटलाही नाही. तोच गुडघा घेऊन तुम्ही दिव्यांग दाखल्यासाठी अलिबागच्या सरकारी बोर्डापुढे गेलात तर तिथली पट्टी निराळी, सवलतींची रेघ 40 टक्क्यांवर. दोन्हीकडचे डॉक्टर परवानाधारक, गुडघा एकच.

आणि कॅगच्या 2023 च्या अहवालातले आकडे बघा. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी 36 ते 40 टक्क्यांना अपंगत्व पेन्शन, खालच्या हुद्द्यांत 15 ते 18 टक्क्यांना. यावरून असं सिद्ध होतं की पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढल्यानं गुडघे झिजत नाहीत, नकाशावर डोंगर दाखवल्यानं झिजतात.

आता परवान्याचे नियम करायचेच असतील तर आमचा मसुदा घ्या. तपासणाऱ्या डॉक्टरनं एकदा भर आषाढात पोलादपूरच्या वरच्या वाडीतून निघावं. वरंध घाट बंद, हायवेला खड्डे, अशा स्थितीत लालपरीच्या पायऱ्या चढत-उतरत सकाळी आठला मुंबई नाहीतर पुण्याच्या लष्करी रुग्णालयात रांगेला उभं राहावं. संध्याकाळी स्वतःच्या गुडघ्याचे टक्के स्वतःच लिहावेत, सेवेशी संबंध आहे की नाही तेही लिहावं. वीसच्या खाली आले तर परवाना रद्द.

मसुदा मंजूर होईपर्यंत एक करा. घरात कुणी फौजेतून परतलेलं असेल तर ट्रंकेतली मेडिकल बोर्डाची प्रत काढा आणि कारणाचा रकाना वाचा. कोरा असेल किंवा एका ओळीत उरकलेला असेल, तर कागद घेऊन अलिबागचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा, वकिलाला दाखवा. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईतच आहे.