गृहीत काय धरायचं?

प्रत्येक आळीत एक तरी असतोच. इंजिनिअर होऊन दोन पावसाळे उलटलेले, अंगात कॉलेजच्या फेस्टचा टी-शर्ट, आणि ‘सध्या काय करतोस?’ याला एकच उत्तर, ‘तयारी.’ आमच्या नागोठण्यातल्या नमुन्याची तयारी एका बलाढ्य संगणक कंपनीच्या मुलाखतीची.

कुठल्याशा व्हिडिओत त्याला सांगितलंय, की प्रश्न आला की लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी शंका विचारायच्या. मुलाखतीपुरतं ठीक आहे हो! पण हा अंगवळणी पडावं म्हणून दिवसभर सराव करतो. आई म्हणाली, ‘बाजारातनं मांदेली आण.’ याचं सुरू, ‘गृहीत काय धरायचं? खाणारे किती? मांदेली नसली तर बोंबील चालतील? बजेट?’ तोवर कोळणी पाट्या उचलून घरी. रिक्षावाल्यानं ‘स्टेशन का?’ विचारलं, तर म्हणे, ‘कमी वेळ गृहीत धरायचा की कमी भाडं?’ दिवा-रोहा गेली.

जुन्या पुलावर मी त्याच्याबरोबर एकदाच फिरायला गेलो.

‘काका, समजा, एकदम दहा लाख माणसं पुलावर आली...’

‘अरे, नागोठण्यात आणायची कुठून?’

‘तेच! गृहीत काय धरायचं?’

चौलच्या काझी अलाउद्दीननं १५८०च्या सुमारास हा पूल बांधला. बांधायच्या आधी त्याच्याही मुलाखतीच्या चार फेऱ्या घेतल्या असत्या, तर आपण अजून होडीतनंच अंबा नदी ओलांडत असतो.

पोराच्या उशाशी गेल लाकमन मॅकडॉवेलबाईंचं ‘क्रॅकिंग द कोडिंग इंटरव्ह्यू’. सहाव्या आवृत्तीत १८९ प्रश्न! वडील इथल्या पेट्रोकेमिकल कारखान्यात आयपीसीएलच्या काळापासून ठेकेदाराकडे फिटर. कव्हरवरचा पहिला शब्द वाचून त्यांना वाटलं, पोरगा शेवटी आपल्याच गॅस क्रॅकरला लागतोय. शेजारी तर पेढे मागून गेले.

आता नाइलाजानं एक सांगायलाच हवं. एका पावसाळ्यात अंबेचं पाणी एसटी स्टँडात शिरलं. ते दरवर्षीचंच, पण या खेपेला चढतच गेलं. आम्ही मोठी माणसं नुसता आरडाओरडा करत होतो. हा मात्र गुडघाभर पाण्यात उभा राहून दारोदार विचारतोय, ‘घरात माणसं किती? चालता न येणारं कोण? औषध कुणाचं चालू आहे?’ कोळीवाड्यातल्या दोन म्हाताऱ्या सर्वांत आधी उचलल्या गेल्या त्या त्याच्या यादीमुळे. त्या दिवशी कुणी ‘गप रे’ म्हणालं नाही. मीसुद्धा.

पुढं मुलाखत झाली. चार फेऱ्या, सगळ्या व्हिडिओवर. काही दिवसांनी ईमेल आला, तूर्त आपली निवड करता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कारण काही नाही. यानं अत्यंत नम्रपणे एकच शंका लिहून पाठवली. तर तो पत्ता नुसता पाठवण्याचा निघाला, तिथं वाचायला कुणी बसलेलंच नाही.

स्टँडवर भेटेल तो विचारतो, ‘काय रे, झालं का तुझं?’

‘झालं म्हणजे,’ तो पाठीवरची बॅग सावरत म्हणतो, ‘गृहीत काय धरायचं?’