अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्यांसाठी काही सूचना



तू झेब्रा फिंचच्या घरात जन्मलास असं धरून या सूचना लिहिल्या आहेत. तुमचं मूळ गाव म्हणजे ऑस्ट्रेलियातला रखरखीत माळ. पण मुंबई-पुण्याच्या दुकानांत लाल चोचीचे, नारिंगी गालांचे ‘फिंच’ जोडीनं विकायला असतात, तेही तुमचेच भाऊबंद. आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ज्यांची वजनं झाली, रक्त काढलं गेलं, गाणी रेकॉर्ड झाली, तेही. इथे लिहिलेलं सगळं त्यांच्या जिवावर कळलेलं आहे. तुझे डोळे उघडायलाच साधारण आठवडा जाईल, त्यामुळे हे तू वाचणार नाहीस. सूचना मात्र वेळेवर दिलेल्या बऱ्या.

पहिली सूचना: घरटं नीट बघून जन्म घे. दोन-तीन भावंडांचं बरं, सहाचं टाळ, आणि सहात शेवटून पहिला तर मुळीच येऊ नकोस. आधी फुटलेल्या अंड्यातला दादा तोवर तुझ्या दुप्पट झालेला असतो आणि आईची चोच आधी त्यालाच दिसते. हे माझ्या हातात कुठे होतं, असं तू म्हणशील. बरोबर आहे. पुढच्या बहुतेक सूचनांचंही तसंच आहे.

खरं तर शिकवणी अंड्यातच सुरू होते. बाहेर पारा 26 अंशांच्या वर गेला, की उबवणीच्या शेवटच्या दिवसांत आईबाप अंड्याजवळ एक खास आवाज काढतात. मिलेन मॅरिएट आणि कॅथरिन ब्युकॅनन यांनी 2016 साली दाखवलं, की हा आवाज ऐकलेली पिलं उन्हाळ्यात अंगानं लहान राहतात, आणि पुढे त्यांची वीण इतरांपेक्षा जास्त होते. म्हणजे लहान राहणं दर वेळी खुरटणं नसतं. शेजारणीनं ‘बाळ वाळलं हो’ म्हटलं तर मनावर घेऊ नकोस.

आता भुकेचा धडा. तुझी कातडी इतकी पातळ आहे, की गळ्याच्या पिशवीतले दाणे बाहेरून मोजता येतील. पिशवी रिकामी राहिली की मेंदूतला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला कळवतो, ती अधिवृक्क ग्रंथीला, आणि तिथून कॉर्टिकोस्टेरॉन रक्तात उतरतं. माणसात हे काम मुख्यतः कॉर्टिसोल करतं. त्याला शत्रू समजू नकोस. थोडा वेळ वाढलं तर ते साठवलेली शक्ती मोकळी करतं आणि अडचणीतून बाहेर काढतं. घात होतो तो ते दिवसेंदिवस चढलेलं राहिलं तर. मग स्नायूंतली प्रथिनं मोडून साखर बनते आणि वाढ मागे पडते. निसर्गानं इथे थोडी दयाही दाखवली आहे: अंध, उघड्या अंगाच्या पिलांत ही ताणाची घंटा सुरुवातीला हळूच वाजते आणि घरटं सोडायची वेळ जवळ येते तसतशी मोठी होते. ज्याला पळताच येत नाही त्यानं घाबरून करायचं काय?

घाबरायचंच असेल तर माणसाच्या हाताला घाबर. कोणी उचललंच तर पहिली तीन मिनिटं महत्त्वाची. तेवढ्यात काढलेलं रक्त तुझी शांत अवस्था सांगतं. त्यानंतर त्यात तुझी भीती उतरू लागते. मग बहुधा तुला कापडी पिशवीत ठेवतील आणि अर्ध्या तासानं पुन्हा टोचतील. हा राग धरण्यासारखा प्रकार आहे, पण रागानं आकडा आणखी वाढेल.

नर असशील तर पुढचं लक्ष देऊन ऐक, कारण गाणं तुलाच म्हणायचं आहे. साधारण पंचविसाव्या दिवसापासून तू बापाचं गाणं मनात उतरवू लागशील, बडबडशील, चुकशील, आणि नव्वदीच्या आसपास ते पक्कं होईल. त्यानंतर फेरफार नाही, जन्मभर तेच. आता अडचण बघ: गाण्यासाठी मेंदूत जे भाग लागतात, त्यांतला एचव्हीसी नावाचा एक भाग नेमक्या याच भुकेच्या दिवसांत बांधला जात असतो. इमारत उभी राहत असताना सिमेंट कमी पडावं तसं होतं. ही कल्पना स्टीफन नोविकी आणि सहकाऱ्यांनी 1998 साली मांडली. कॅरन स्पेन्सर, ब्युकॅनन आणि मंडळींनी 2003 साली ती तपासली. काही पिलांच्या घरी दाणे कमी मिळतील अशी व्यवस्था केली. काहींना खायला पुरेसं, पण वर कॉर्टिकोस्टेरॉन पाजलं. (हे संप्रेरक अशा प्रयोगांत बहुतेक वेळा शेंगदाण्याच्या तेलात मिसळून देतात. तेल शुद्ध असतं, एवढं समाधान मान.) दोन्ही गटांतले नर मोठे झाल्यावर आखूड आणि साधंसुधं गाणं म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांचा एचव्हीसीही लहान भरला. दुसऱ्या गटाचं पोट भरलेलं होतं, हे विसरू नकोस. उपासमारीचा निरोप पोचला, तेवढ्यावर मेंदूनं काटकसर केली.

आणि माद्यांना हे कळतं. 2005 सालच्या प्रयोगात त्यांनी सुखात वाढलेल्यांचं गाणं जास्त पसंत केलं. म्हणजे तू गाशील प्रेमाचं, आणि तिला ऐकू येईल विसाव्या दिवशीचा फाका.

यावर तुला वाटेल, पुढे भरपूर खाऊन भरून काढू. सावकाश घे. ग्लासगोत 2006 साली ज्या पिलांना आधी निकृष्ट आणि मग चांगलं खाणं मिळालं, त्यांच्यात जी सर्वांत झपाट्यानं भरली, तीच मोठेपणी शिकण्याच्या परीक्षेत मागे पडली. पण आयुष्य वाया गेलं म्हणून बसूही नकोस. 2014 साली ओंडी क्रिनो आणि सहकाऱ्यांना असं दिसलं, की लहानपणी कॉर्टिकोस्टेरॉन मिळालेले फिंच अनोळखी पद्धतीनं दडवलेलं खाणं शोधण्यात उलट सरस ठरले. 2015 साली आणखी एक गंमत: ताण सोसलेली पिलं आईबापांना सोडून परक्या मोठ्यांचं बघून शिकली. माझ्या मते यात वाईट काही नाही. ज्यांच्या घरी पोट भरलं नाही, त्यांचा सल्ला किती घ्यायचा?

शेवटी लग्नाचं. पॅट मोनाघन आणि सहकाऱ्यांचा 2012 सालचा अभ्यास घाईत असलास तरी वाचून घे. लहानपणी थोडेच दिवस संप्रेरक पाजलेले पक्षी लवकर मेले, आणि त्यांचे जोडीदारही, मग त्या जोडीदारांचं स्वतःचं बालपण कसंही गेलेलं असो.  तीन वर्षांनंतर दोघंही सुखात वाढलेल्या जोड्यांतले फक्त 5 टक्के पक्षी गेले होते. दोघंही ताणात वाढलेल्यांतले 40 टक्क्यांहून जास्त.

तेव्हा मादी असशील तर नुसत्या लाल चोचीवर भाळू नकोस, त्याला पुरतं गाऊ दे. नर असशील तर तुझी पंचाईत आहे, कारण ती गात नाही आणि तिचं बालपण ऐकायची सोय नाही. पत्रिका जुळवायची पद्धत तुमच्यात नाही. घरट्यात ती कितवी होती, भावंडं किती होती, हे सांगणारं कोणी वडीलधारं तिच्याकडे उरलं असेल, तर गवताची पहिली काडी उचलण्याआधी विचारून घे.