कागदावरची जीप

बारामती-इंदापूर रस्ता खड्ड्यांचा होता, तेव्हा खड्ड्यातून जाणारी गाडी घ्यावी असं आमच्या घरात कुणालाही वाटलं नाही. एसटी होती, मेव्हण्यांची एम-एटी होती, आणि खड्डा आला की तो चुकवायचा असतो एवढी साधी समज होती. आता तोच रस्ता तुकोबांच्या पालखीचा मार्ग म्हणून चौपदरी झाला. काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे कधी मागं पडलं कळत नाही. नेमका हाच मुहूर्त साधून माझ्या भाच्याला रस्ता सोडून चालणारी गाडी हवीशी झाली.

भाचा निमगाव केतकीचा. डाळिंबानं दोन वर्षं हात दिला की आमच्याकडचा तरुण थार घेतो. नवी थार 2020 च्या 2 ऑक्टोबरला बाजारात आली आणि तेव्हापासून वरातीतल्या घोड्याचे दिवस भरले. पण भाच्याला थार नको होती. "थार काय मामा, आता कुणाकडंही आहे." त्याला हवी होती जुनी एमएम फाइव्ह-फोर्टी जीप, आणि तीही 'करून घेतलेली'. अशी एक इंदापूरच्या अलीकडं एका शेडमध्ये उभी होती.

मला बरोबर न्यायचं कारण मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक आहे, हे. गाडीतलं मला काही कळत नाही. पण जमीन असो, स्थळ असो की गाडी, कागद बघायचं काम आमच्या घरात मामाकडं असतं. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आली ती पैसे तिच्या खात्यावर होते म्हणून.

जीप बघून पहिल्यांदा मी दोन पावलं मागं सरलो. तिचे टायर आक्काच्या कमरेला लागत होते. पुढं लोखंडी बंपर असा, की त्याच्यासमोर उभं राहून गुन्हा कबूल करावासा वाटावा. टपावर दिव्यांची रांग. डाव्या बाजूनं एक काळं नळकांडं काचेच्या कडेनं वर गेलेलं.

"हे धुराडं वर कशाला नेलंय?" आक्कानं विचारलं.

"धुराडं नाही मावशी, स्नॉर्केल आहे," मालक म्हणाले. "गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात गेली तरी इंजिनला हवा वरून मिळते."

आक्कानं चारी दिशांना पाहिलं. तिचं माहेर तालुक्याच्या जिरायती अंगाला, सुप्याकडं. तिथं पाणी येतं ते टँकरनं. बॉनेटपर्यंत पाणी ही कल्पना तिला गाडीपेक्षा जास्त आवडलेली दिसली.

मालकांनी मग वंशावळ सांगायला घेतली. जीप मूळची उत्तरेकडची, हरियाणातल्या मंडी डबवालीत 'घडवलेली'. डबवाली हे जुन्या जीपांचं पंढरपूर. लष्करानं लिलावात काढलेल्या जीपा विकत घेऊन, खोलून, ठोकून, पुन्हा उभ्या करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या तिथं आहेत. तिथून ती पुण्यात आली, पुण्याहून इथं. प्रत्येक मालकानं तिच्यात आपल्या हौसेची भर घातली होती. एकानं पॉवर स्टिअरिंग बसवलं, दुसऱ्यानं पाटे बदलून ती चार इंच उचलली, तिसऱ्यानं घरी कुणी ऐकत नसावं म्हणून ट्रकचा हॉर्न लावला.

"मीटर बघा सर, फक्त चौसष्ट हजार," मालक म्हणाले.

इथं भाच्यानं, आपण कुणाच्या बाजूनं आहोत हे विसरून, ज्ञान दाखवलं. टायर मूळच्यापेक्षा मोठा घातला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच हिशोबानं मोजतं. साधारण एकोणतीस इंची टायरच्या जागी तेहतीस इंची घातला, तर काटा साठ दाखवत असताना गाडी सत्तरीला टेकलेली असते. किलोमीटरही तसेच कमी पडतात. वय कमी दाखवण्याची ही युक्ती मला फार निर्मळ वाटली; यात खोटं कुणीच बोलत नाही.

मग मी कागद मागितले, आणि माझा विषय सुरू झाला.

आरसीवर रंग पांढरा होता. समोरची जीप गर्द लष्करी हिरवी होती. हा रंग सैन्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम तो इतर कुणालाही लावू देत नाही. "पोलिस सॅल्यूट मारतात सर," मालक म्हणाले. पुढच्या बंपरचंही तेच. असले गार्ड बेकायदा आहेत, कारवाई करा, असं केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय. पायी चालणाऱ्याचा त्यात जीव जातो. आणि या सगळ्यांच्या वर मोटार वाहन कायद्याचं कलम 52. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ सांगून टाकला, की कंपनीनं जी रचना मंजूर करून घेतली तिच्या विरुद्ध बदल केलेली गाडी नोंदवता येणार नाही. इंजिन बदलायचं तरी आरटीओची परवानगी लागते. इथं आरसीतला इंजिन नंबर आणि बॉनेटखालचा नंबर यांची साधी तोंडओळखही नव्हती. खाली कुठल्याशा पिकअपचं डीआय इंजिन होतं.

"म्हणजे बेचाळीस पासिंग होणार नाही?" भाचा हिरमुसला. बारामतीचा नंबर पाटीवर नसेल तर त्याच्या लेखी गाडी परदेशातच उभी होती.

"एजंट आहे आपला," मालक म्हणाले.

भाच्यानं शेवटचं अस्त्र काढलं. "मामा, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप केली. किक मारून चालू व्हायची. आनंद महिंद्रांनी बदल्यात नवी बोलेरो दिली!" खरं आहे. पण त्याच महिंद्रांनी तेव्हा हेही लिहिलं होतं, की नियमात बसत नसल्यानं अधिकारी आज ना उद्या ही गाडी अडवतीलच. लोहारांच्या कलेचं कौतुक करून त्यांनी जीप स्वतःकडं ठेवून घेतली. आमच्या जीपबद्दल कुणी बोलेरो देईल अशी चिन्हं नव्हती.

"चालवून तर बघा," मालक म्हणाले.

आता, ऑफरोड गाडी चालवायची म्हणजे रस्ता सोडायचा. आणि आमच्या दोन तालुक्यांत रस्ता सोडला की माणूस कुणाच्या तरी सातबाऱ्यावर उतरतो. कडबनवाडीचा माळ मोकळा दिसतो, पण तो चिंकारांचा आणि लांडग्यांचा, आणि त्यांच्या वतीनं वनखात्याचा. पाटाच्या कडेचा रस्ता पाटबंधारे खात्याचा. उजनीचं पाणी उतरलं की भिगवणच्या बाजूला गाळाची जमीन उघडी पडते, तिथं गाळपेर आधीच वाटून घेतलेली असते, आणि उरलेल्या चिखलात रोहित पक्षी एका पायावर उभे असतात. त्यांना दुसरा पाय टेकवायची खात्री नाही, तिथं आपण दीड टन लोखंड घालणार. बाकी सगळा ऊस. उरली भावकीची पाणंद. तिथून जायचं तर फोर-बाय-फोर पुरत नाही, तहसीलदाराचा आदेश लागतो.

मालकांच्या स्वतःच्या शेताची पाणंद होती म्हणून आम्ही तिकडं वळलो. आदल्या रात्री पाण्याची पाळी होती. काळी जमीन, फुटलेला दंड, चिकण. भाच्यानं चित्रपटातल्यासारखा गियर टाकला. मागची दोन चाकं जोरात फिरली, पुढची दोन शांत उभी राहिली. मग जीप सावकाश, घरी आल्यासारखी, खाली बसली.

"पुढची चाकं फिरत का नाहीत?" भाच्यानं विचारलं.

मालक थोडे लाजले. "पुढचा शाफ्ट काढून ठेवलाय. मायलेज देत नव्हती."

बारामतीकर म्हणून मला याचं फार नवल वाटायला नको होतं. आमच्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली म्हणतात, त्यातलं एक निरोष्ठ. ओठाला ओठ लागेल असं अक्षरच त्यात घ्यायचं नाही. प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे अख्खं रामायण, आणि राम म्हणायची सोय नाही. पण पंत हे आधी सांगून करत होते, आणि मागच्या मालकाची रामायणं भरीला घालून साडेसहा लाख मागत नव्हते.

"विंच आहे की!" भाचा म्हणाला. पुढच्या बंपरवर खरंच विंच होतं, तारेचा दोर, टोकाला हूक. झाडाला हूक अडकवायचा, बटण दाबायचं, गाडी स्वतःला ओढून घेते. हूक हातात घेऊन भाचा फिरला. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ऊस, समोर आधीच कललेला विजेचा खांब, आणि बांधावर आक्का.

शेवटी कारखान्याला ऊस टाकून परतणारा एक ट्रॅक्टर सापडला. मागं रिकाम्या दोन ट्रॉल्या. पोरगं विशीतलं असेल. त्यानं गाणं बंद केलं नाही, आमच्याकडं नीट पाहिलंही नाही. ट्रॉल्या सोडल्या, साखळी लावली, जीप बाहेर काढून रस्त्यावर ठेवली आणि निघून गेलं. त्या ट्रॅक्टरला ना स्नॉर्केल होतं ना टपावर दिवे. एक लिंबू-मिरची तेवढी होती.

शेडमध्ये परत आल्यावर चहा झाला आणि आकड्यावर आलो. भाचा साडेपाचला तयार होता, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी कलम 52 पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात आक्कानं कपबशी खाली ठेवली.

"कागद जरा वाच रे," ती मला म्हणाली. मी आरसी वाचली.

"म्हणजे कागदावर पांढरी जीप आहे. बारक्या टायरची. दिवे नाहीत, नळकांडं नाही, ते ओढायचं यंत्र नाही."

"नाही," मी म्हणालो.

"मग आम्ही तेवढ्याचेच पैसे देणार," आक्का मालकांना म्हणाली. "जमीन घेताना सातबाऱ्यावर असेल तेवढ्याचेच देतो. बांध कोरून मागं-पुढं केलेलं तुमचं तुम्ही ठेवा. काढून घ्या सगळं."

मालक हसले. मग हसायचे थांबले. भाचा टायरांकडं बघत होता.

"मावशी," मालक म्हणाले, "तसं धरलं तर इंजिनही काढावं लागेल."

"काढा," आक्का म्हणाली. "आमच्याकडं ट्रॅक्टर आहे न्यायला."