जुन्या गिऱ्हाइकाचा भाव

नंदुरबारात भाव लपून राहत नाही. दसऱ्याच्या आसपास बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागल्या, की सकाळी फुटलेला भाव दुपारच्या आत स्टेशनापासून बसस्टँडापर्यंत पोचतो. ज्याने जन्मात मिरचीचं रोप लावलेलं नाही, तोही चहा पिता पिता सांगतो, ‘आज दोनशेने उतरली.’ गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळायला पडली की न विचारताही कळतं. वारा फिरला की सगळं गाव शिंकतं.

एकच भाव इथे भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यालाही ठाऊक नसतो, आणि तो म्हणजे घराच्या कर्जाचा व्याजदर. शेजारच्या मुलीला हुंडा किती मागितला, हे गावाला माहीत असतं. शेजारचं कर्ज किती टक्क्यांनी चालू आहे, हे खुद्द शेजाऱ्यालाही पत्र उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

माझं पत्र ऑक्टोबर 2024 मध्ये आलं. त्याच्या बरोबर तीन वर्षं आधी मी एका गृहवित्त कंपनीकडून 25 लाख घेतले होते. वय 38, मुदत 20 वर्षं. म्हणजे ज्या महिन्यात शाळा निरोपसमारंभाची शाल देईल, त्याच महिन्यात कर्जाचा शेवटचा हप्ता. इतकं जुळून आलेलं गणित मी विद्यार्थ्यांनाही कधी घातलं नव्हतं. पहिली तीन वर्षं सव्वासात टक्के पक्के, ‘त्यानंतर कंपनीच्या प्रचलित दराप्रमाणे’. हे शेवटचे शब्द कागदावर बारीक टाइपात होते, आणि बारीक टाइपातल्या शब्दांना घाई नसते.

ती तीन वर्षं मात्र मजेत गेली, हे कबूल केलं पाहिजे. मे 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्क्यांवर पडून होता. 4 मे 2022 ला तो उठला आणि फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहावर जाऊनच बसला. त्या काळात आमच्या शिक्षक-कक्षात कुणाचा मोबाइल वाजला की तो माणूस डबा अर्धा ठेवून बाहेर जायचा. सगळ्यांची कर्जं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची. एका सहकाऱ्याने तर फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. वीस वर्षांसाठी 6.7 टक्क्यांनी घेतलेल्या एका लाखाला हप्ता 757 रुपये. तोच दर 9.2 झाला की त्या लाखाचं नुसतं महिन्याचं व्याजच 767. ‘म्हणजे मी हप्ता भरतो आणि मुद्दल वाढतं,’ तो म्हणाला. मी पोळीला तूप लावून घेत होतो. माझा दर पक्का होता.

तर पत्र. माझा दर आता पावणेदहा टक्के. हप्ता 19,759 वरून 23,259. हप्ता वाढवायचा नसेल तर मुदत वाढवता येईल, पुन्हा पक्क्या दरावर जाता येईल, असे पर्याय खाली होते. असे पर्याय देणं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने बंधनकारक केलेलं होतं, त्यामुळे ते कंपनीच्या मायेतून आलेले नव्हते. बायकोने मुदतीचा पर्याय तपासायला सांगितला. मी गणित केलं. हप्ता तोच ठेवला, तर राहिलेल्या 17 वर्षांची होतात 31.

‘म्हणजे तुम्ही किती वर्षांचे?’

‘बहात्तर.’

‘मग पेन्शनीतून भरू.’

मी तिच्याकडे पाहत राहिलो. 1 नोव्हेंबर 2005 नंतर, म्हणजे जुनी पेन्शन बंद झाल्यावर, नोकरीला लागलेल्या माणसासमोर महाराष्ट्रात हा शब्द जपून काढायचा असतो, हे तिला माहीत नाही असं नाही. (पुढे कळलं की कंपनी इतकी लांब मुदत देतच नाही. मला बहात्तराव्या वर्षी कर्ज फेडायला बंदी आहे हे ऐकून जरा अपमानच वाटला.)

आमच्या गल्लीतले तात्या मिरचीचे व्यापारी. त्यांनी पत्र उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, ‘चला, भाव करून येऊ.’ कंपनीच्या कचेरीत धुळ्याचा एक तरुण पोरगा बसतो. तात्या त्याच्यासमोर मिरचीच्या ढिगासमोर बसतात तसे मांडी घालून बसले, खुर्चीवरच.

‘भाऊ, नवा मानूसले कितला भाव शे?’

‘नव्या कर्जाला पावणेनऊ, तात्या.’

‘आनि या सरले?’

‘पावणेदहा.’

‘मंग जुना मानूसना काय गुन्हा?’

पोराने समजावून सांगायचा प्रयत्न केला. बाजारातला दर सगळ्यांना सारखाच, त्यावर कंपनी आपला स्प्रेड लावते, तो ज्याच्या त्याच्या करारात बांधलेला असतो, आणि नवं गिऱ्हाईक ओढायचं तर नव्यालाच सूट द्यावी लागते. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘माझ्याकडे इंदूरचा एक व्यापारी वर्षानुवर्षं माल घेतो. त्याला मी नव्या माणसापेक्षा महाग माल दिला, तर तो पुढच्या हंगामात येईल का?’

‘नाही येणार.’

‘मग हे सर का येतात?’

पोरगा जरा वेळ कीबोर्डकडे पाहत राहिला. ‘तात्या, त्यांची कागदपत्रं आमच्याकडे आहेत ना,’ तो म्हणाला. एवढं स्वच्छ अर्थशास्त्र मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसला. ‘मामा, इथे दोन किंवा पाच वर्षांचा पक्का दर संपत आला की सगळेच दुसरीकडे पाहतात. त्यासाठी दलाल असतात.’ अमेरिकेत तर म्हणे तीस वर्षं एकच दर बांधून मिळतो. तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘तीस वर्षं? मी मिरचीला तीस मिनिटं भाव बांधत नाही. त्या बँकेत काम करतं कोण?’

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूची होती. वैयक्तिक गृहकर्ज फ्लोटिंग असेल तर वेळेआधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही. बँकांवर हे बंधन 2012 पासून आहे, गृहवित्त कंपन्यांवर त्याच्याही थोडं आधीपासून. पक्का दर चालू असताना पळालो असतो तर दंड बसला असता. आता दर सुटा झाला, आणि त्याबरोबर मीही.

म्हणून कर्ज पूर्ण फेडण्याच्या रकमेचं पत्र मागितलं. अर्ज दिला त्याच संध्याकाळी पुण्याहून एका गोड आवाजाच्या बाईंचा फोन. ‘सर, आपण आमचे अत्यंत मौल्यवान ग्राहक आहात.’ तीन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. अर्धा टक्का शुल्क आणि वर जीएसटी भरला, तर 9.10 करून देऊ, म्हणाल्या. मी तात्यांना विचारलं. ‘माल उचलून निघालास की भाव उतरतो,’ ते म्हणाले, ‘पण उतरलेला भावही नव्या माणसापेक्षा जास्तच आहे, पाहिलंस का?’

एक सरकारी बँक साडेआठने द्यायला तयार झाली. पावणेदहाच्या तुलनेत महिन्याला पावणेदोन हजारांची बचत, 17 वर्षांत साडेतीन लाखांच्या वर. त्यातून प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च, मूल्यांकन, गहाणखताचं मुद्रांक शुल्क असं सगळं वजा केलं की पहिल्या वर्षाची बचत जवळपास त्यातच जाते. तरी सौदा बरा होता. कागद द्यायला लागलो. आधार कार्डाची प्रत पुन्हा पुन्हा दिली. 29 सप्टेंबर 2010 ला देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून या जिल्ह्याचे लोक त्याच्या झेरॉक्स काढताहेत.

फाइल नाशिकला गेली आणि तिथून शेरा आला: ‘मिळकतीच्या जिल्ह्यात तफावत.’

वकिलाने रीतीप्रमाणे तीस वर्षांचा सर्च घेतला होता. आमच्या लेआउटचा बिनशेती आदेश 1996 चा. त्यात लिहिलंय जिल्हा धुळे. माझ्या खरेदीखतात लिहिलंय जिल्हा नंदुरबार. नाशिकच्या साहेबांना प्रश्न पडला होता की प्लॉट एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात कसा गेला.

‘साहेब, प्लॉट जागेवरच आहे, जिल्हा हलला,’ मी फोनवर सांगितलं. ‘1 जुलै 1998 ला.’

‘ते बरोबर आहे सर, पण तसं ऑन रेकॉर्ड पाहिजे.’

जिल्हा निर्माण झाल्याचं ऑन रेकॉर्ड! जिल्हाधिकारी कार्यालयाची एवढी मोठी इमारत रेकॉर्डवर नसल्यासारखी. शेवटी शपथपत्र ठरलं. शंभराचा स्टँप नुकताच बंद होऊन पाचशेचा सुरू झाला होता. त्या पाचशेच्या कागदावर मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलं, की पूर्वीचा धुळे जिल्ह्यातील नंदुरबार तालुका आणि आताचा नंदुरबार जिल्ह्यातील नंदुरबार तालुका हे एकच असून, त्यात काही खोटं आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. इतिहासाचा शिक्षक म्हणून माझ्या हातून झालेलं हे एकमेव मूळ संशोधन.

मूल्यांकन करणारा आला, त्याने घराचे फोटो काढले, चतुःसीमा विचारल्या आणि पूर्वेला कोण राहतं हे खात्री करायला तात्यांच्या घरी गेला. तिथे त्याला चहा मिळाला आणि मिरचीचा भावही.

नव्या बँकेचा धनादेश निघाला, पण जुन्या कंपनीच्या खात्यात जमा व्हायला मध्ये काही दिवस गेले. त्या दिवसांत दोघांचंही व्याज माझ्यावर चालू होतं. नवापूरच्या फलाटावर एक बाक आहे, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. मी नेमका मधोमध बसलो होतो. फरक इतकाच की तिथे बसायचे दोन्ही राज्यं पैसे घेत नाहीत. पुढे 2025 च्या फेब्रुवारीपासून रेपो उतरू लागला, डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला, आणि माझा दरही त्याच्या मागोमाग उतरला. शिक्षक-कक्षात आता मी मोबाइल वाजला की मुद्दाम सगळ्यांसमोर उघडतो. पण ते नंतरचं.

आधी जुन्या कंपनीकडून मूळ कागद यायचे होते. बायकोने कुठूनसं वाचून काढलं, की पूर्ण कर्ज फेडल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यावे लागतात. कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. डिसेंबर 2023 पासूनचा नियम. ती कॅलेंडरवर खुणा करू लागली. दहा दिवस उशीर झाला तर पन्नास हजार, वीस दिवस झाला तर एक लाख. कंपनीचा फोन आला तर लगेच उचलायचा नाही, असं तिने मला बजावलं. शेवटच्या आठवड्यात तर ती त्या धुळ्याच्या पोराबद्दलही फार आपुलकीने बोलू लागली: किती काम असतं बिचाऱ्याला, कसं सगळं वेळेत होणार.

मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी दारावर टकटक झाली. पोरगा स्वतः मोटारसायकलवर आला होता, काखेत जाड पाकीट.

‘वहिनी, म्हटलं सरांना हेलपाटा नको. सगळे ओरिजिनल आहेत, मोजून घ्या.’

बायकोने पाकीट घेतलं. ‘एवढी काय घाई होती हो तुम्हाला?’ ती म्हणाली.