एक किलो डाळ

देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव असतं. फक्त ते वाचायचं तर पंखा बंद ठेवावा लागतो. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, ते आपल्याला कधी जमलं नाही. पण दिलेल्याचं पुढे झालं काय, असं कुणी विचारलं की आपण एकदम निरिच्छ होतो. आमच्या सोसायटीतले काका दर जूनमध्ये शाळेत वह्या वाटतात, फोटोसकट. त्या वह्यांनी कुणाचं गणित सुधारलं का, असं विचारलं तर म्हणाले, "दानाचा हिशेब करू नये रे!"

काही माणसं मात्र तेवढाच हिशेब करतात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी 'सेवा मंदिर' या संस्थेबरोबर उदयपूर जिल्ह्यातल्या 134 गावांत तो केला. (बॅनर्जींच्या आई माहेरच्या पाटणकर. त्यामुळे 2019च्या नोबेलचा थोडा आनंद आपणही हक्काने केला.) कुठल्या गावाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलं. काही गावांत जे होतं तेच. काहींत दर महिन्याला न चुकता लसीकरणाचं शिबिर. काहींत शिबिर, शिवाय दर खेपेला एक किलो डाळ आणि सगळे डोस पुरे झाले की ताटं. पूर्ण लसीकरण झालेली मुलं निघाली शंभरात 6, 18 आणि 39.

काकांना हे अजिबात रुचलं नाही. "पोटच्या पोरासाठी आईला लाच?" काका स्वतः साखरेची तपासणी कधीपासून 'येत्या सोमवारी' करणार आहेत.

आईला लस नको असते असं नाही. आज नको असते. मजुरी बुडवायची, पोर कडेवर घेऊन जायचं, रडवून, तापवून परत आणायचं. न झालेला गोवर कुणाला दिसतो? डाळ दिसते, आणि रात्री शिजते. गंमत म्हणजे डाळीचे पैसे धरूनही पूर्ण लसीकरणाचा दर मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. नर्सबाईंचा दिवसाचा पगार ठरलेला. समोर चार पोरं येवोत की चौदा.

काकांनी आकडे पुन्हा पाहिले. "म्हणजे डाळ देऊनही एकसष्ट राहिलीच की!"

हिशेब अगदी बरोबर होता. मी लगेच विचारलं, "साखर तपासायला काय द्यावं लागेल?"

"तूर," काका म्हणाले. "पण बिनपॉलिशची."