सदतीस भागिले दीडशे

शाळेत असा अपूर्णांक फळ्यावर दिसला की आपण मान खाली घालायचो. आता तोच कागदाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलेला असला की बरी शिकलेली माणसं क्रेडिट कार्ड बाहेर काढतात. ३७/१५०. दीडशे प्रती छापल्या, त्यातली सदतिसावी तुमची. उजवीकडे सही, तिच्याखाली शाईविना उठवलेला शिक्का. आणि मधल्या जाडजूड कागदावर काय? दोन शिंगं, दोन डोळे आणि वाकडे पाय असलेला चौकोनी खेकडा.

खेकडा ओळखीचा आहे. १९७८ साली जपानच्या ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ बनवला, त्यातला हा शत्रू. पाच रांगा, रांगेत अकरा जण. हा खेकडा अकरा चौकटी रुंद, आठ उंच. तिसरीतलं पोर मधल्या सुट्टीत चौकटीच्या वहीत काढून मोकळं होईल. तो असा ओबडधोबड दिसतो तो कलादृष्टीमुळे नव्हे, यंत्राची ऐपतच तेवढी होती म्हणून. सुरुवातीच्या यंत्रांचा पडदा कृष्णधवल. रंग हवा तर वर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या चिकटवलेल्या. त्या गरिबीची आता हाताने स्क्रीनप्रिंट निघते, आणि ती हाताळायला पांढरे सुती हातमोजे लागतात.

खेकड्याला रस्त्यावर आणला तो एका फ्रेंच माणसाने. चेहरा झाकलेला, टोपणनाव ‘इन्व्हेडर’. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याने पॅरिसच्या भिंतींवर, कुणालाही न विचारता, छोट्या चौकोनी फरश्यांची मोझाइक चिकटवायला सुरुवात केली. मग शहरामागून शहरं झाली. २००८ मध्ये आपली वाराणसीही सुटली नाही. २०१५ मध्ये एक छोटा तुकडा थेट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोचला. हे सगळं मला मनापासून आवडतं. फुकटात, येता-जाता, मान वर केली की दिसणारं चित्र. तिकीट नाही, रखवालदार नाही.

पण फुकट गोष्टीवर प्रेम करणं काही लोकांना जमत नाही. भिंतीवरच्या मोझाइकची एकच अधिकृत जुळी प्रत निघते, प्रमाणपत्रासकट, आणि ती विकली जाते. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या प्रशासनाने भिंतींवरची काही मोझाइक खरवडून काढली, त्यात एक कराटेबाज कार्टून कुत्रा होता. पुढच्याच वर्षी त्या कुत्र्याची जुळी प्रत सोदबीजच्या लिलावात जवळपास वीस लाख हाँगकाँग डॉलरना गेली. म्हणजे भिंतीवर असताना अतिक्रमण, हातोड्याखाली आल्यावर ऐवज! पॅरिसच्या चोरांना हा हिशेब नीट कळला नाही. २०१७ मध्ये पालिका कामगारांची जाकिटं घालून त्यांनी दिवसाढवळ्या मोझाइक उचकटली. हाती काय, तर टवके उडालेल्या फरश्या. प्रमाणपत्राविना त्यांना कोण विचारतो? पालिकेचं जाकीट घातलं की भिंत फोडताना कुणी हटकत नाही, एवढं मात्र सिद्ध झालं. ते आपल्याकडे आधीपासून ठाऊक होतं.

वीस लाख ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी प्रिंट. ठरल्या दिवशी ठरल्या वेळी विक्री उघडते, काही मिनिटांत संपते आणि संध्याकाळपर्यंत त्याच प्रती दुसऱ्या साइटवर चढ्या भावाने येतात, नळकांड्यातून बाहेरही न निघालेल्या. दीडशे संपल्या? हरकत नाही, तेच चित्र आता लाल रंगात. मग सोनेरीत. शिवाय कलावंताच्या स्वतःच्या म्हणून ‘ए. पी.’ लिहिलेल्या काही प्रती, ज्या मोजणीत धरायच्याच नसतात. साड्यांच्या दुकानावर ‘सेलचे शेवटचे दोन दिवस’ ही पाटी दिवाळीपासून होळीपर्यंत लटकते, तिला निदान पेन्सिलीने नंबर घालत नाहीत.

गंमत अशी की मूळ खेळात हा व्यापार आधीच शिरला होता. शत्रू मारले जातील तसे उरलेले अधिक वेगाने धावतात. ती योजना नव्हती. पडद्यावर काढायला कमी आकृत्या राहिल्या की प्रोसेसरचा भार हलका होई, एवढंच. निशिकादोंना ते आवडलं, त्यांनी तसंच ठेवलं. बाजारालाही आवडलेलं दिसतं: नग कमी, पळापळ जास्त.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्ही गेमच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं असे आणि आत तेच सात-आठ खेळ नावं बदलून येत. थाप तीही होती, पण उदार थाप होती. पोरांना भरपूर मिळाल्यासारखं वाटे. आता त्याच पोरांना चाळिशीत थोडं मिळाल्याचे पैसे मोजायचे आहेत. मोजा. पण भिंतीवर तरी लावा! तेही नाही. उन्हाने रंग उडतो, चौकटीने कडा दबते, पुनर्विक्रीचा भाव पडतो. म्हणून रस्त्यावरची कला पलंगाखाली, आम्लविरहित कागदात गुंडाळून.

इन्व्हेडरचं एक मोबाइल अॅपही आहे, २०१४ पासून. रस्त्यावर जायचं, मोझाइक शोधायचं, फोन रोखायचा, गुण जमा. एका मोझाइकचे दहा, दुसऱ्याचे पन्नास. जगभरातली माणसं त्यासाठी गल्लीबोळ पायी तुडवतात, एक पैसा खर्च न करता. पलंगाखालच्या प्रिंटचे गुण शून्य.