मालगुडीकर

मालगुडीकर आडनावाचा माणूस मतदारयादीत मिळणार नाही, पण प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. वय ४५ ते ५५, नोकरी आयटीत, बीपीची गोळी नुकतीच सुरू झालेली. एरवी हा यूट्यूबवरचं भाषणसुद्धा दीडपट वेगाने ऐकतो. एका रविवारी तिथेच त्याला 'मालगुडी डेज' ही मालिका सापडते, एल. वैद्यनाथन यांची ती 'ता ना ना' कानावर पडते आणि गृहस्थ कामातून जातो.

पहिली लागण मोबाइलला. फोन वाजला की मालगुडीकर उचलत नाही; डोळे मिटून धून पुरी होऊ देतो. पलीकडे बायको भाजीवाल्यासमोर 'अहो, जीपे करा' म्हणायला ताटकळलेली.

मग ज्ञानदान. वैद्यनाथन म्हणजे व्हायोलिनवाल्या एल. सुब्रह्मण्यम यांचे थोरले बंधू. चित्रं आर. के. लक्ष्मण यांची, म्हणजे मूळ लेखकाच्या धाकट्या भावाची. दिग्दर्शक शंकर नाग मुंबईत मराठी नाटकांत रमलेला, "म्हणजे तसा आपलाच!" तो १९९० साली अपघातात गेला तेव्हा ३५ वर्षांचा होता, हे सांगताना मात्र मालगुडीकरचा आवाज खरोखरच उतरतो. "पस्तिशीत मी काय करत होतो? फ्लॅटचे हप्ते भरत होतो."

"अजूनही भरताय," आतून आवाज येतो.

सगळ्यात हाल लेकीचे. "गप बस आणि शांतपणे बघ!" असं तिला ओरडून सांगितलं जातं. ती बिचारी विचारते, "बाबा, पुढे काय होतं?"

"काही होत नाही! तेच तर!"

खरं तर होतं पुष्कळ. मालिकेतला छोटा स्वामी हेडमास्तरांची छडी खातो, घर सोडून पळतो, मॅच हुकवतो, जिवलग मित्र गमावतो. पोराच्या जिवाला क्षणाची उसंत नाही. पण मालगुडीकरच्या लक्षात फक्त ती धून राहिलेली, त्यामुळे त्याच्या लेखी मालगुडी म्हणजे टेन्शन नसलेलं गाव.

शेवटी आगुंबे. मालिकेचं चित्रीकरण झालं ते शिमोगा जिल्ह्यातलं पावसाळी गाव. जोडून सुट्टी येते, गाडी निघते आणि ग्रुपवर एक्सेल शीट पडते: ६.०० उठणे. ६.३० दोड्डमने वाडा. ६.४५ ते ७.१५ ओसरीवर निवांत बसणे (फोटोसह). ७.२० अरसाळू स्टेशनातलं मालगुडी म्युझियम गाठायला प्रस्थान, उशीर करणाऱ्यास नाश्ता मिळणार नाही.